पैनगंगेतला मुक्काम

अनसिंग, तालुका वाशीम
दिनांक १९ जानेवारी १९७५

तीर्थरूप पंचफुलाताईस भागिरथाचा जयभीम. भाऊजींनाही आमच्या दोघांचा जयभीम सांगावा, झोपले असतील तर उठल्यावर सांगावा. इकडे माणसं दोन, शेळ्या दोन आणि कोंबड्या तीन, सगळ्यांची तब्येत ठीक आहे. तिकडे तुझा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान तापवून बांधतेस की नुसतं उशाशी ठेवतेस? (मागच्या वेळी तू उशाशीच ठेवलं होतंस आणि मला लिहिलंस की चांगला गुण आला.)

तुझं कार्ड परवा पोचलं. नागपुरात तुला अनसिंगचा कोणी भेटला आणि जानराव पॉइंटमनच्या घराला सहा दिवस कुलूप होतं असं म्हणाला, ते खरं आहे. आम्ही मुंबई पाहायला गेलो होतो असं म्हणाला, ते खोटं आहे. गावात आणखी दोन बातम्या फिरत आहेत. एक अशी की घर सोडून हे निघाले आणि मी त्यांना धरून आणलं. दुसरी अशी की मी निघाले आणि ह्यांनी मला धरून आणलं. आम्ही पैनगंगेच्या मधोमध एका बेटावर राहायला गेलो होतो, हे मी दोघीतिघींना सांगून पाहिलं. कोणाला पटत नाही, म्हणून आता मुंबईच म्हणते. तुला मात्र सगळं लिहिते. रात्रीच्या वर्गात आमच्या बाईंनी शिकवलं होतं की पत्र शुद्ध लिहावं आणि मुद्द्याचं लिहावं. शुद्ध मी लिहितेच आहे. मुद्दा यायचा तेव्हा येईल.

जुलैअखेर हे रेल्वेतून निवृत्त झाले, ते तुला ठाऊक आहे. चौतीस वर्षं रुळांचे सांधे बदलले, गाडीला झेंडी दाखवली आणि एक दिवस गळ्यात हार घालून साहेबांनी सांगितलं की आता घरी जा. क्वार्टर सोडून आम्ही गावातल्या घरी आलो. पहिला महिना हे गाडीच्या वेळेला ओट्यावरून उठून रस्त्याच्या कडेला उभे राहात आणि हात वर करत. बैलगाड्या थांबत. गाडीवान विचारत, काय झालं बुवा? हे म्हणत, काही नाही, जा. दुसऱ्या महिन्यात उठणं बंद झालं आणि तिसऱ्या महिन्यात बोलणं बंद झालं. "हो", "नाही" आणि "वाढ", एवढे तीन शब्द राहिले, त्यातलाही "वाढ" पुढं पुढं कमी झाला. मुलगा रामधन येऊन ह्यांना वाशीमच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं जीभ पाहिली, छाती ऐकली आणि लाल औषधाची बाटली दिली. ते औषध हे गुपचूप शेळीच्या पाण्यात ओतत होते. शेळी दुप्पट खाऊ लागली. ह्यांच्यात फरक नाही. मी लोकांसमोर हसायची, ताई, पण भाकरी थापताना माझा जीव बाहेर ओट्यावर असायचा. माणूस समोर बसलेला आहे आणि घरात नाही, असं तू कधी पाहिलं आहेस का?

मग नव्या सालाच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी हे पूर्ण वाक्य बोलले. म्हणाले, "भागिरथे, नदीत राह्यले जाऊ."

माझ्या हातातलं पीठ खाली पडलं. नदीत राहायला कोण जातं? नदीत जातं ते माणूस कायमचं जातं. मी मनात म्हटलं, संपलं. पण तोंडानं म्हटलं की चला, मीही येते. विचार असा केला की ज्याच्या मागं सामानाचं ओझं आहे त्याला बुडायला सवड मिळत नाही. म्हणून मी सामान काढलं. पाटा-वरवंटा, तवा, दोन पातेली, कळशी, पाच गोधड्या, सुपली, कंदील, ज्वारीचं पीठ, मिरच्या, मीठ, वांगी आणि एक कोंबडी. (तेव्हा कोंबड्या चार होत्या. पुढं येईलच.) शेळ्या शेजारच्या चंदाबाईकडं बांधल्या. हे सगळं बघताना ह्यांची नजर फिरून फिरून पाट्यावर जायची.

आठ तारखेला एका रिकाम्या परतणाऱ्या बैलगाडीतून आम्ही नदीकाठी भिवाजीकडं गेलो. भिवाजी भोई ह्यांचा लहानपणचा सोबती. दर बाजाराच्या दिवशी मासळीची टोपली घेऊन तो आमच्या स्टेशनात उतरायचा, ती ओळख टिकली. त्याच्याकडं एक डोंगा आहे, म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली नाव. लांबीला आपल्या घराएवढी आणि रुंदीला माझ्याएवढी (पूर्वीच्या माझ्याएवढी). भिवाजीनं सामान पाहिलं, आम्हाला पाहिलं आणि विचारलं की तिकडं गाव वसवायचं आहे का. एका खेपेला एक माणूस आणि एक टोपली, असा त्याचा नियम. सहा खेपा झाल्या. माझ्या खेपेला त्यानं मला मधोमध बसवलं, मांडीवर कोंबडीची टोपली दिली आणि सांगितलं की हलू नका, बोलूही नका, बोलण्यानंही डोंगा कलतो. मी खरं मानलं आणि पैनगंगेच्या मध्यापर्यंत श्वाससुद्धा बेतानं घेतला. पलीकडं उतरल्यावर हा लबाड म्हणतो, की बायामाणसं उगी राहावीत म्हणून तो सगळ्यांना असंच सांगतो. पाट्याची खेप शेवटची होती. काठाला लागता लागता पाटा सरकला आणि एवढासा आवाज करून डोहात गेला. माझ्या सासूबाईंचा पाटा तो. आता तिथले मासे वाटण वाटत असतील. चौथ्या दिवशी सकाळी येतो असं सांगून भिवाजी निघून गेला.

आता बेट कसं आहे ते सांगते. नदी तिथं दोन वाटांनी फुटते आणि पुढं पुन्हा एक होते, त्या दोन वाटांच्या मधली ती जागा. वरच्या टोकाला खडक आणि दोन जांभळीची झाडं, मध्ये झाऊच्या झुडपांचं रान आणि खालच्या टोकाला वाळू, चाळून ठेवल्यासारखी. पावसाळ्यात सगळं पाण्याखाली असतं, म्हणून ते कोणाच्या नावावर नाही. तलाठ्याच्या नकाशात तिथं नुसतं पाणी आहे म्हणे. एका अंगाला पाणी खोल आणि मुकं, दुसऱ्या अंगाला उथळ आणि सारखं बडबडणारं. (मी ह्यांना म्हटलं, हे तुम्ही आणि ही मी.) सकाळी पाण्यावर धुकं असतं, त्यातून पक्ष्यांचा आवाज येतो पण पक्षी दिसत नाही. मग ऊन चढतं आणि धुकं दूध नासल्यासारखं फाटतं, आणि एकेक पक्षी जागच्या जागी उभा असलेला दिसू लागतो, जणू रात्रभर कोणी तरी मांडून ठेवले. मी आयुष्यात इतका वेळ रिकामी बसून काही पाहिलं नव्हतं, ताई. पहिल्या दिवशी मला अपराध्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझी लाज गेली.

पण आधी खोपीचं ऐक. ह्यांनी पाण्यानं वाहून आणलेल्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, आणि झाऊच्या फांद्या गोळा केल्या, वाळूवर काठीनं रेघा मारल्या, दोरीनं मापं घेतली. रुळांतलं अंतर ज्या काटेकोरपणानं ठेवतात त्याच काटेकोरपणानं त्यांनी खोपी उभी केली आणि वर दोन गोधड्या बांधल्या. खोपी सुंदर झाली. संध्याकाळी वारा आला आणि खोपी उठली, जरा चालली आणि नदीत जाऊन बसली. आम्ही दोघं काठावर उभे राहून तिला जाताना पाहत होतो. माझ्या दोन गोधड्या होत्या त्यात, तरी मला पहिल्यांदा हसू आलं, कारण ह्यांचा हात सवयीनं वर गेला होता. त्या रात्री आम्ही जांभळीखाली उरलेल्या गोधड्या पांघरून झोपलो. सकाळी मी स्वतः खोपी बांधली. वाकडी होती, दार कुठं आहे ते मलाही आठवत नव्हतं, पण ती शेवटपर्यंत जागची हलली नाही.

मासे आपणच धरू, असं मी समजले होते, कारण भिवाजीनं एक जुनं जाळं दिलं होतं. ह्यांनी ते दोन दिवस टाकलं. पहिल्या दिवशी जाळ्यात एक खेकडा आला, तो ह्यांच्या धोतराला लटकला आणि बेटभर फिरून आला. दुसऱ्या दिवशी एक पाणमांजर आलं. खडकावर मागच्या पायांवर उभं राहून ते ह्यांचं जाळं टाकणं पाहायचं, एखादा साहेब तपासणीला यावा तसं. मग पाण्यात बुडी मारून मासा काढून आमच्यासमोर खायचं. त्यानंच तिसऱ्या पहाटे कोंबडी नेली. पिसंसुद्धा ठेवली नाहीत. मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही, शुद्ध लिहायचं ठरवलं आहे. तेव्हा हे म्हणाले, "त्याले काहून बोलते? आपुन त्याच्या घरी आलो." तीन महिन्यांत नव्यानं आलेलं हे दुसरं वाक्य. कोंबडीचं दुःख मी तिथंच सोडलं.

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी तीन दगडांच्या चुलीत वांगं भाजायला घातलं होतं. पश्चिमेचं पाणी तांब्याच्या ताटासारखं झालं होतं, वरून करकोच्यांची एक रांग जात होती, जाताना ती वाकडी व्हायची आणि पुन्हा सरळ व्हायची. हे वर बघत होते. आणि बघता बघता सांगू लागले, माझ्याकडं न पाहता, जसं कोणी झोपेत सांगतं.

तुला छप्पन साल आठवतं ना? दीक्षेच्या वेळी आम्ही गावच्या अकरा बाया तुझ्या घरी उतरलो होतो. तू अंगणात चुली मांडल्या होत्या. ह्यांनी रजेचा अर्ज केला होता, पण गाड्यांना गर्दी आणि स्टेशनात माणसं कमी, रजा मिळाली नाही. एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं त्या दिवशी कळलं. आमची गाडी निघाली तेव्हा सांधा ह्यांनीच बदलला होता, हिरवी झेंडी ह्यांनीच दाखवली होती. डब्याच्या खिडकी-खिडकीत पांढरी लुगडी आणि पांढरे सदरे, सगळे गात होते, आणि ह्यांना कोणी हाक मारली नाही, कारण झेंडीवाल्याच्या तोंडाकडं कोण पाहतं? मीही पाहिलं नसेल. मला तर खिडकीजवळ जागा मिळाली होती आणि मी पुढं बघत होते. गाडी गेली. फलाटावर एका लेकराची चप्पल राहिली होती, ती ह्यांनी उचलून खुंटीला अडकवली. पुढची गाडी मालगाडी होती. तिलाही झेंडी दाखवली.

"समदं गाव गेलं," हे म्हणाले, "आन् गाडी म्याच सोडली. पुढं गावात दीक्षा घेतली ते खरं हाय. पन त्या दिवशीपासून रूळ पाह्यला का मले वाटे, याच्यावरून बाकीचेच जातात."

म्हणून पुढच्या अठरा वर्षांत रेल्वेचा एकही फुकट पास ह्यांनी वापरला नाही. आणि मी समजत होते की मला कुठं न्यायचा ह्यांना कंटाळा आहे. किती वेळा बोलले मी त्यावरून, तुझ्यासमोरही बोलले. निवृत्त झाल्यावर सगळे विचारत, आता कुठं फिरायला जाणार, गाडी तर तुमचीच. ह्यांना गाडी नकोच होती. जिथं रूळ जात नाही अशी एक जागा पाहिजे होती, आणि ती कोणाला सांगावी ते कळत नव्हतं.

ताई, मी नागपुराहून परतले तेव्हा आठ दिवस नुसती बोलत होते. किती माणसं होती, कशी पांढरी शुभ्र, कोण कोण भेटलं, तू काय काय रांधलं. हे ऐकत होते. तुमचा दिवस कसा गेला, हे मी विचारलं नाही. अठरा वर्षं होऊन गेली. त्या संध्याकाळी चुलीत वांगं करपून कोळसा झालं आणि माझ्यानं उठवलं नाही. शेवटी मला एवढंच सुचलं. मी विचारलं, "मंग त्या दिवशी तुमी जेवले का नाही?"

ह्यांनी आठवून पाहिलं. म्हणाले, "नाही. डबा तसाच राह्यला."

मग आम्ही भाकरी मिठाशी खाल्ली. दोघांनीही जास्त खाल्ली.

चौथ्या दिवशी भिवाजी यायचा होता. आलाच नाही. सकाळ गेली, दुपार गेली. ह्यांनी दोनदा काठावर जाऊन हाका मारल्या. मी भिवाजीला वाट्टेल ते बोलले, की तो बेभरवशाचा आहे, पिऊन कुठं तरी पडला असेल, अशा माणसाच्या जिवावर बेटावर येणं म्हणजे शहाणपण नव्हे. पीठ संपलं होतं. मग मी जुन्या पद्धतीनं मासे धरायचे ठरवले, आपली आत्या धरायची तसे, लुगड्यानं. एक पदर मी धरला, एक ह्यांनी. उथळ पाण्यात कंबर वाकवून आम्ही दोघं हळूहळू काठाकडं चालत येत होतो आणि हे मला सूचना देत होते. डावीकडं घे, ढिलं सोड, आता आवळ. चौतीस वर्षांच्या सूचना साचल्या होत्या, सगळ्या माझ्या वाट्याला आल्या. पहिल्या खेपेला लुगड्यात शेवाळ आलं. दुसऱ्या खेपेला हे निसरड्या दगडावरून घसरले आणि लुगड्यात हेच आले. मी पदर सोडला नाही. ओढतच काठाला आणले. ताई, हा माणूस पाण्यात बसून इतका हसला की पलीकडच्या काठावरचा गुराखी उभा राहून पाहू लागला. तिसऱ्या खेपेला बोटाएवढे बावीस मासे आले. त्यांतले दोन खडकावर ठेवले, पाणमांजरासाठी. ठेवा असं हे म्हणाले नव्हते, मीच ठेवले.

पाचवा दिवस कसा गेला ते मला नीट सांगता येत नाही. ऊन होतं. ह्यांनी वाळूत पाय पुरून ठेवले होते आणि मला त्यांच्या बापाच्या, आजाच्या, स्टेशनातल्या कुत्र्याच्या गोष्टी सांगत होते. मी अर्धवट झोपेत ऐकत होते. मध्येच जाग यायची तर गोष्ट पुढं गेलेली असायची, कुत्रं मेलेलं असायचं आणि दुसरंच कुत्रं आलेलं असायचं. जांभळीची पानं पडून पाण्यावरून जात होती. एवढंच झालं त्या दिवशी, आणि मला तो पुरा आठवतो.

सहाव्या दिवशी भिवाजी आला. मी त्याला ह्यांच्यासमोर चांगलं फैलावर घेतलं. तो मुंडी खाली घालून ऐकत होता. परतताना डोंग्यात त्यानं ह्यांना सांगितलं की त्या खालच्या वाळूत पूर्वी त्याचा बाप खरबुजांची वाडी लावायचा, आता भिवाजीची स्वतःची नजर अधू झाली आणि त्याची बायको मोतीबाई एकटी किती करणार. एवढं बोलणं पुरलं. तेव्हापासून हे थांबत नाहीत. खड्डा किती खोल, शेणखत किती, वेल कुठल्या दिशेनं सोडायचा, सकाळी दात घासताना सुरू होतं. काल मी कानाला फडकं बांधून चुलीशी बसले. तर हे म्हणतात, दुखतो का कान?

असो. थंडी आहे, स्वतःला जप. भाऊजींची विडी कमी झाली असेल असं समजते.

तुझी धाकटी,
भागिरथा

ता. क. – मुद्दा राहिलाच. तीस तारखेला रामधन अकोल्याहून येतो आहे. बापाची प्रकृती बरी नाही म्हणून आम्हाला दोघांना कायमचं अकोल्याला न्यायचं त्यानं ठरवलं आहे, खोलीत आमच्यासाठी पडदासुद्धा लावला आहे म्हणे. आम्ही सत्तावीसलाच बेटावर चाललो. खरबूज निघेपर्यंत, म्हणजे मे महिन्यापर्यंत, तिथंच. तरी तू पंचवीसपर्यंत इथं ये आणि घर उघडं ठेव. आपल्या घरात रामधन फक्त तुला भितो. त्याला चहा दे, जेवू घाल आणि मग सांग. गुडघ्याचं निमित्त सांगू नकोस, घर बसून सांभाळायचं आहे.

ता. क. दुसरा – वरचं सगळं पत्र ह्यांनी चष्मा लावून वाचलं. छप्पन सालच्या जागी थोडं थांबले, मग पुढं गेले. शेवटी म्हणाले की सगळं बरोबर आहे, फक्त भिवाजीला फार बोललीस, बिचाऱ्याला काही अडचण आली असेल. आता ते तिकिटं आणायला पोस्टात गेले आहेत, तेवढ्यात हा वेगळा कागद पाकिटात घालते. वाचून चुलीत टाक.

भिवाजी चौथ्या दिवशी वेळेवर आला होता. हे बेटाच्या वरच्या टोकाला लाकडं वेचायला गेले होते. भिवाजीनं पिठाचं गाठोडंही आणलं होतं, ते मी घेतलं नाही, कारण पीठ कुठून आलं असं ह्यांनी विचारलं असतं. मी कमरेइतक्या पाण्यात शिरून त्याचा डोंगा उलटा ढकलला. तो घाबरला, म्हणाला, वहिनी, भांडण झालं काय, जानराव कुठी हाय?

मी म्हटलं, "भिवाजी, मानूस आत्ता कुठं बोलून राह्यला. तू परवा ये."